कर्जवसुली, सामूहिक दावे की क्रिप्टो? मुंबईत वकिलीला सुरुवात करताना

सनद मिळाल्यावर पैशांच्या दाव्यांतच काम करायचं ठरलं असेल, तर आमचा कौल सुरुवातीसाठी कर्जवसुलीला आहे. तिथे काम रोज असतं आणि निकाल बहुधा कागदांवर लागतो. सरफेसीत (बँकेला न्यायालयात न जाता तारण ताब्यात घेऊ देणारा कायदा) बँकेने कलम 13(2)ची मागणी नोटीस दिली की पैसे भरायला 60 दिवस, मग तारणाचा ताबा, आणि ताब्याविरुद्ध डीआरटीत (कर्जवसुली न्यायाधिकरणात) जायला कर्जदाराला 45 दिवस. कर्जदाराच्या हरकतीला बँकेने 15 दिवसांत उत्तर दिलं का, ताब्याची नोटीस सात दिवसांच्या आत दोन वर्तमानपत्रांत (त्यातलं एक स्थानिक भाषेतलं) छापली का, हे शोधणं ज्युनिअरचं काम. फाइल हातात आली की आधी तारखांचा तक्ता करावा. इथे हरलेल्या कर्जदाराला अपिलासाठी कर्जाची निम्मी रक्कम भरावी लागते, फार तर ती 25 टक्क्यांवर येते. म्हणून पहिल्या पायरीवरची चूक महागात पडते. दिवाळखोरीच्या मॅटरमध्ये मुदती याहून कडक आहेत: एनसीएलएटीत (राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणात) अपिलाला 30 दिवस, उशिराची माफी जास्तीत जास्त 15 दिवसांची. आदेशाच्या प्रमाणित प्रतीसाठी वेळेत अर्जच केला नसेल, तर ‘प्रत मिळाली नव्हती’ ही सबब चालत नाही.

सामूहिक दाव्यांचं, म्हणजे अनेकांनी मिळून एकच दावा करण्याचं, आकर्षण अमेरिकेतून आलं. सत्यम कॉम्प्युटर्सच्या हिशेब घोटाळ्यात तिथल्या बाजारात शेअर घेतलेल्यांना कंपनीकडून साडेबारा कोटी डॉलरची तडजोड मिळाली. इथल्या भागधारकांना तसा मार्गच नव्हता. कंपनी कायदा, 2013च्या कलम 245ने तो दिला. 100 सभासद किंवा एकूण सभासदांच्या 5 टक्के, यांतली कमी संख्या जमली की एनसीएलटीत (राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात) जाता येतं. बँकिंग कंपन्या मात्र वगळल्या आहेत. खरी अडचण फीची. निकालावर अवलंबून फी ठरवायला बार कौन्सिलची मनाई आहे, त्यामुळे शेकडो लोक गोळा करण्याचा खर्च आधी कुणी उचलायचा, हा प्रश्न सुटत नाही. फक्त यावर चेंबर चालणार नाही. महाराष्ट्रात बुडालेल्या ठेवीदारांचं काम जास्त करून एमपीआयडी या ठेवीदारांच्या हितरक्षणाच्या राज्य कायद्याखाली चालतं: फौजदारी तक्रार, मालमत्तेची जप्ती, मग विशेष न्यायालयातून वाटप. एनएसईएल (नॅशनल स्पॉट एक्स्चेंज) या वस्तूबाजारात पैसे अडकल्याच्या प्रकरणालाही तो लागू असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने 2022मध्ये सांगितलं.

क्रिप्टोत कायदा अजून घडतो आहे. बँकांना क्रिप्टो व्यवहारांसाठी सेवा देण्यास मनाई करणारं रिझर्व्ह बँकेचं 2018चं परिपत्रक सर्वोच्च न्यायालयाने 2020मध्ये रद्द केलं, 2022पासून नफ्यावर 30 टक्के कर आला, 2023पासून एक्स्चेंज मनी लाँडरिंग कायद्याच्या कक्षेत आली. तरी बहुतेक तक्रारी पुराव्यावर अडतात. अशील मोबाइलचे स्क्रीनशॉट घेऊन येतो. त्याच्याकडून व्यवहाराचा हॅश (ब्लॉकचेनवरची त्याची ओळखखूण), वॉलेटचा पत्ता आणि एक्स्चेंजचं पूर्ण स्टेटमेंट मागावं. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत लागणाऱ्या, भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63च्या प्रमाणपत्राचे आता दोन भाग आहेत, एक पक्षकाराचा, दुसरा तज्ज्ञाचा, आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइल बदललेली नाही हे ताडून पाहायचा तिचा डिजिटल ठसा) लिहावी लागते. दुसऱ्या भागासाठी तज्ज्ञ आधीच गाठून ठेवावा. एक्स्चेंजच्या अटींत लवाद परदेशात ठेवला आहे का, हे वकीलपत्र घेण्याआधीच वाचावं.

संगणक अभियांत्रिकी करून वकिलीत आलेल्याने थेट क्रिप्टोत शिरायला हरकत नाही, पण अंतरिम आदेश मिळवण्याचं काम येणारा सिनिअर बघूनच. इतरांनी दोन-तीन वर्षं डीआरटी आणि एनसीएलटीचे बोर्ड (रोजच्या सुनावण्यांच्या याद्या) सांभाळावेत, मग आठवड्यातला एखादा दिवस क्रिप्टोच्या फायलींना द्यावा.