जुनी फियाट, जुने पार्ट : आठ महिन्यांनंतर

बाबांची १९६८ची फियाट ११०० डिलाइट पुन्हा रस्त्यावर येऊन आठ महिने झाले, साडेतीन हजार किलोमीटर झाले. बसवलेले बरेचसे पार्ट कुर्ल्याच्या भंगारातले आणि पुण्याच्या जुन्या बाजारातले. हीच गाडी पुढे १९७४पासून प्रीमियर पद्मिनी म्हणून कुर्ल्यात बनत राहिली, त्यामुळे इंजिनाचं सामान अजून मिळतं. मिळतं, पण पारखून घ्यावं लागतं.

पहिलं हेड (इंजिनाच्या ब्लॉकवर बसणारं वरचं झाकण) घेतलं ते चंदेरी रंग मारलेलं, चकचकीत. दोन महिन्यांत रेडिएटरचं पाणी कमी व्हायला लागलं आणि डिपस्टिकवर (तेल मोजायच्या पट्टीवर) तेल दुधाळ दिसलं, म्हणजे पाणी तेलात शिरत होतं. उघडलं तर पाण्याच्या भोकांभोवतीचं अ‍ॅल्युमिनियम पोखरलेलं, वर पुट्टी भरून रंग फासलेला. या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आणि हेड अ‍ॅल्युमिनियमचं. वर्षानुवर्षं नुसतं नळाचं पाणी फिरलं की हेडच आधी खाल्लं जातं.

दुसरं हेड काळंकुट्ट, तेलाने माखलेलं घेतलं. दुकानातच पेट्रोल आणि तारेच्या ब्रशने साफ केलं, स्टीलची पट्टी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी धरली. ०.०५ मिमीचं फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) खाली कुठेच शिरलं नाही, म्हणजे हेड सपाट होतं. व्हॉल्व्ह सीटच्या (व्हॉल्व्ह टेकतात त्या कड्यांच्या) मधल्या जागेत चीर नव्हती. हलकं फेसिंग मारून (पृष्ठभाग मशीनवर जरासा घासून) बसवलं. सहा महिन्यांत पाणी वाढवावं लागलेलं नाही. तेव्हापासून मी रंगवलेला पार्ट हातात घेत नाही. जुन्या तेलाचा थर गंज थांबवतो, आणि त्याखाली कोणी काही लपवलेलं नसतं.

ब्रेकचे ड्रम बोटावर टांगून पान्याने हलकेच वाजवले. घंटेसारखा नाद आला ते घेतले, थप्प वाजला तो परत दिला. पण नादावरून फक्त तडा कळतो. एक ड्रम छान वाजला, तरी ब्रेक दाबला की पेडल पायाखाली धडधडायचं. ड्रम अंडाकृती झाला होता. लेथवर टर्निंग करून घेतल्यावर थांबलं. व्हर्नियरने दोन-तीन ठिकाणी माप घ्यायला हवं होतं.

दरवाजाला कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक लावून बघा. पुट्टी भरलेली असेल तिथे ते पकडत नाही. खालची कड मात्र रबर उचलूनच बघावी. ब्रेकचे होज आणि व्हील सिलिंडरचे रबर नवेच घ्या, यात तडजोड नको.

स्टीअरिंग बॉक्सचा (स्टीअरिंगचं फिरणं चाकांपर्यंत नेणाऱ्या गिअरच्या डब्याचा) प्रश्न अजून सुटलेला नाही. गाडी सरळ चालते तेव्हाचा मधला भागच सगळ्यात झिजलेला असतो. तिथला प्ले (ढिलेपणा) घालवायला स्क्रू आवळला की पूर्ण वळणावर स्टीअरिंग जड होतं. आता जो बॉक्स बघतो तो या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून बघतो. तीन बघितले, तिन्ही मध्ये सैल आणि कडेला घट्ट. चौथा बघायला रविवारी जातोय.