ज्वालामुखीचं म्यूऑन-चित्र: इमल्शन फिल्म की सिंटिलेटर?

म्यूऑन म्हणजे आकाशातून येणारे, खडकातूनही आरपार जाणारे कण. दाट खडकात ते जास्त अडतात, त्यावरून ज्वालामुखीच्या आतलं चित्र बनतं. ते टिपणाऱ्या इमल्शन फिल्मला, म्हणजे फोटोच्या फिल्मसारख्या थराला, वीज लागत नाही. रस्ता नसलेल्या उतारावरही ती नेता येते आणि म्यूऑनचा माग मायक्रॉनइतका बारीक टिपते. जपानच्या असामा ज्वालामुखीचा माथा 2007 साली असाच आतून दिसला. पण उष्णतेत माग पुसट होतात, फिल्म नेता-आणताना आदळलेले कणही नोंदले जातात, आणि फिल्म धुऊन स्कॅन होईपर्यंत हाती काहीच नसतं.

सिंटिलेटर पट्ट्या, म्हणजे कण आदळला की चमकणाऱ्या पट्ट्या, जड, वीज मागणाऱ्या, कोन मोजण्यात ढोबळ. तरी त्या प्रत्येक कणाची वेळ नोंदवतात, आणि जागत्या ज्वालामुखीसाठी हेच निर्णायक. 2013 मध्ये जपानच्या सात्सुमा-इवोजिमा या ज्वालामुखीत मॅग्मा (वितळलेला खडक) चढता-उतरताना टिपता आला तो त्यामुळेच. मात्र पट्ट्यांच्या थरांमध्ये शिशाचे किंवा पोलादाचे पत्रे हवेतच. नाहीतर कमी ऊर्जेचे इलेक्ट्रॉन खोटे माग उमटवतात आणि खडक असतो त्यापेक्षा विरळ भासतो.