जुने प्रोग्राम नव्या संगणकांवर: सरकारी कार्यालयांनी एकमेकांकडून काय घ्यावे आणि काय स्वतः करावे

कार्यालयातील संगणक बदलतात, पण वीस-तीस वर्षांपूर्वी लिहून घेतलेला वेतनाचा, नोंदणीचा किंवा परवान्यांचा प्रोग्राम तोच राहतो, कारण त्यात मुरलेले नियम आणि साठलेल्या नोंदी नव्याने उभ्या करणे हे वर्षानुवर्षांचे काम असते. अडचण बहुधा प्रोसेसरपासूनच सुरू होते. ६४-बिट पद्धतीत चालणारा प्रोसेसर डॉसच्या, म्हणजे विंडोजच्या आधीच्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या, प्रोग्रामांना लागणारी जुनी ८०८६ पद्धत उपलब्ध ठेवत नाही, त्यामुळे ६४-बिट विंडोजवर डॉसचे १६-बिट प्रोग्राम सुरूच होत नाहीत. ३२-बिट विंडोज १० हा त्यावरचा शेवटचा सोपा आसरा होता. विंडोज ११ ची ३२-बिट आवृत्तीच नाही, आणि विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. दुसऱ्या एखाद्या विभागाने हाच प्रश्न आधी सोडवला असेल, तर त्यांची व्यवस्था जशीच्या तशी घ्यावी की आपली सोय आपण करावी, असा निर्णय मग समोर येतो. माझ्या मते तो निर्णय कोणता मार्ग किती चांगला चालतो यावर जेवढा अवलंबून असतो, तेवढाच तो मार्ग कायदेशीरपणे दुसऱ्याच्या हाती देता येतो का यावरही असतो, आणि खरेदीच्या टिपणीत नेमका हाच भाग राहून जातो.

मार्ग मुख्यतः तीन आहेत. व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे नव्या संगणकात सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या वेगळ्या संगणकात, प्रोग्राम त्याच्या जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमसकट उचलून बसवला जातो. वाइनसारखा सुसंगतता-स्तर जुनी सिस्टीम वगळतो आणि प्रोग्रामने विंडोजकडे केलेल्या मागण्या लिनक्सला समजतील अशा रूपात पुढे देतो. एम्युलेटर जुन्या यंत्राचा प्रोसेसरच सॉफ्टवेअरमध्ये उभा करतो.

उभारायला सर्वांत सोपे व्हर्च्युअल मशीन आहे, आणि देवाणघेवाणीला सर्वांत अवघडही तेच आहे. प्रोग्राम आपल्या ओळखीच्या वातावरणातच राहत असल्याने तो सहसा तक्रार करत नाही, आणि एका विभागाने तयार केलेली डिस्क इमेज (संपूर्ण डिस्कची एका फाइलमधील प्रत) दुसऱ्या विभागात तासाभरात चालू होऊ शकते. परंतु त्या इमेजमध्ये विंडोजची प्रत असते, आणि विंडोजचा परवाना तो घेणाऱ्या संस्थेपुरता असतो. फाइल पाठवली म्हणजे परवाना पाठवला असे होत नाही. शिवाय आतली जुनी सिस्टीम जुनीच राहते, तिच्यातील सुरक्षेच्या त्रुटींसह. मे २०१७ मधील वॉनाक्राय या खंडणीखोर सॉफ्टवेअरच्या हल्ल्याने ब्रिटनच्या आरोग्यसेवेतील जी यंत्रणा विस्कळीत केली, तिच्यातील बहुतेक बाधित संगणक दुरुस्त्या न बसवलेले विंडोज ७ चे होते, म्हणजे आधार चालू असतानाही केवळ दुर्लक्षाने एवढे घडले. आधार संपलेली सिस्टीम व्हर्च्युअल मशीनमध्ये ठेवायचीच असेल, तर तिला नेटवर्कपासून तोडून ठेवणे ही अट मानावी. ब्रिटन सरकारने २०१४ मध्ये सर्व सार्वजनिक संस्थांच्या वतीने मायक्रोसॉफ्टशी एकत्रित करार करून सुमारे ५५ लाख पौंडांत विंडोज एक्सपीचा आधार एका वर्षाने वाढवून घेतला होता. प्रत्येक संस्थेने वेगळा सौदा करण्यापेक्षा हे निश्चितच बरे होते, पण त्यातून मिळाला तो केवळ अवधी.

वाइनची बाजू जवळजवळ उलटी आहे. १९९३ मध्ये सुरू झालेला हा प्रकल्प मुक्त परवान्याखाली असल्याने त्याची तयार मांडणी कितीही कार्यालयांना देता येते, कोणाची परवानगी किंवा प्रतीमागे शुल्क लागत नाही. प्रत्येक प्रोग्रामसाठी वेगळा फोल्डर ठेवून त्यातच त्याची सेटिंग्ज आणि पूरक फाइल बसवता येतात. मात्र त्या पूरक फाइल मायक्रोसॉफ्टच्या असतील, तर परवान्याचा प्रश्न मागच्या दाराने परत येतो, हे पाठवणाऱ्याने तपासावे. सुरुवातीचे श्रमही मोठे असतात: एखादा अहवाल छापला जात नाही, एखादी खिडकी अर्धवट उघडते, समांतर पोर्टवरचे डोंगल (परवान्याची खातरजमा करणारे छोटे उपकरण) ओळखलेच जात नाही. हे श्रम एकदा कोणीतरी घ्यावे आणि बाकीच्यांनी त्याचा लाभ घ्यावा, यासाठी याहून योग्य मार्ग मला दिसत नाही. कोणता प्रोग्राम कोणत्या आवृत्तीवर कितपत चालला, याची वाइनच्या वापरकर्त्यांनी ठेवलेली सार्वजनिक नोंद आहे. सरकारी विभागांनी आपापल्या प्रोग्रामांसाठी अशी नोंद ठेवली, तर तिचा उपयोग कित्येकदा प्रत्यक्ष सॉफ्टवेअरपेक्षा अधिक होईल.

डॉसच्या प्रोग्रामांची गोष्ट वेगळी आहे आणि ती सुखद आहे. १९९४ मध्ये जिम हॉल यांनी सुरू केलेली फ्रीडॉस ही सिस्टीम आणि व्हर्च्युअल मशीन चालवणारे मुक्त परवान्याचे क्यूएमू हे सॉफ्टवेअर जोडले, तर व्हर्च्युअल मशीनची सोय आणि वाटपाचे स्वातंत्र्य दोन्ही एकत्र मिळतात. डॉसबॉक्स हा एम्युलेटर अधिक परिचित पर्याय आहे, पण त्याच्या कर्त्यांचा उद्देश जुने खेळ चालवणे हा आहे. छपाई आणि एकाच डेटा फाइलवर अनेकांनी एकाच वेळी लिहिणे या कार्यालयीन गरजांची कसून चाचणी घेतल्याशिवाय तो स्वीकारू नये. तरीही एका ठिकाणी त्याचे पारडे जड होते. टर्बो पास्कल या जुन्या प्रोग्रामिंग साधनात लिहिलेले अनेक प्रोग्राम वेगवान प्रोसेसरवर सुरू होतानाच ‘रनटाइम एरर २००’ देऊन थांबतात, कारण विलंब मोजण्यासाठी केलेल्या भागाकाराचे उत्तर १६ बिटांत मावेनासे होते. व्हर्च्युअल मशीन खऱ्या प्रोसेसरच्या गतीने चालत असल्याने ही चूक तिथेही तशीच येते. डॉसबॉक्समध्ये मात्र गती हवी तेवढी कमी करता येते.

एम्युलेटरची परंपरा जुनी आहे. आयबीएमने १९६४ मध्ये सिस्टीम/३६० हे संगणक जाहीर केले तेव्हाही ग्राहकांचे १४०१ या तिच्याच जुन्या संगणकावरचे प्रोग्राम नव्या यंत्रावर चालावेत म्हणून तशी सोय दिली होती. सार्वजनिक संस्थांनी मिळून केलेल्या कामाचे चांगले उदाहरण नेदरलँड्समध्ये आहे. तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयाने आणि राष्ट्रीय अभिलेखागाराने डायोस्क्युरी हा मुक्त एम्युलेटर २००७ मध्ये प्रसिद्ध केला, आणि पुढच्या पिढीच्या संगणकांवरही तो टिकावा म्हणून तो जावामध्ये लिहिला. अभिलेखातील एखादा दस्तऐवज मूळ रूपात पाहण्यासाठी हा विचार उत्तम आहे. दररोज शेकडो नोंदी करण्यासाठी मात्र मी वेगवान पर्यायच निवडेन.

देवाणघेवाणीचे सरकारी नियम या निर्णयाला काही अंशीच उपयोगी पडतात. अमेरिकेच्या २०१६ च्या धोरणाने आणि डिसेंबर २०२४ मध्ये झालेल्या कायद्याने संघराज्य संस्थांनी स्वतःसाठी लिहून घेतलेला सोर्स कोड एकमेकांना द्यावा असे ठरवले. युरोपीय आयोगाने २००७ पासून अशा वाटपासाठी स्वतःचा मुक्त परवाना उपलब्ध केला आहे. हे सर्व लागू होते ते सरकारने लिहून घेतलेल्या कोडला. विकत घेतलेली सिस्टीम, तिच्यावरचे डेटाबेस सॉफ्टवेअर आणि फाँट यांना ते लागू होत नाही.

उरतो तो प्रश्न, प्रत्येकाने आपली प्रत चालवावी की एका विभागाने सर्व्हरवर सर्वांसाठी चालवावे. मध्यवर्ती सर्व्हरमुळे दुरुस्ती एकाच ठिकाणी होते आणि जुनी सिस्टीम सर्वत्र पसरत नाही, म्हणून मोजकेच तंत्रज्ञ असलेल्या लहान कार्यालयाला मी हाच पर्याय सुचवेन. पण स्थानिक प्रिंटर, डोंगल किंवा मोजमापाचे यंत्र जोडलेले असेल, अथवा नोंदी कायद्याने दुसऱ्या विभागाच्या ताब्यात देता येत नसतील, तर प्रत आपल्याकडेच हवी. कोणतीही तयार व्यवस्था स्वीकारताना तिच्यासोबत चाचण्यांची नोंद, आतील प्रत्येक घटकाच्या परवान्याची यादी आणि पुढील दुरुस्तीची जबाबदारी घेणाऱ्या विभागाचे लेखी नाव मागावे. या तीनपैकी शेवटचे मिळत नसेल, तर घेतलेल्या प्रतीची देखभाल आपल्याच माणसांनी करायची आहे असे धरून मनुष्यबळाचा अंदाज करावा, आणि जुन्या प्रोग्राममधील सर्व नोंदी साध्या मजकूर-फाइलमध्ये बाहेर काढता येतात की नाही, हे व्यवस्था चालू करण्यापूर्वीच पडताळून पाहावे.