1969 ची कॅमॅरो झेड/28: पाटी खरी, गाडी दुसरीच

अमेरिकेतल्या जुन्या मसल कारच्या, म्हणजे ताकदवान इंजिनाच्या गाड्यांच्या, बाजारात चालणाऱ्या फसवणुकीत चेसिस नंबरची पाटी अस्सल असते, टायटल, म्हणजे मालकीचा कागदही अस्सल असतो. मूळ गाडी मात्र कधीच संपलेली असते. कुठे ती अपघातात चेपून भंगारात गेलेली असते, तर कुठे गळक्या शेडमध्ये इतकी गंजलेली असते, की तिचा तळ गळून पडतो. मागे उरलेली पाटी आणि टायटल विकलं जातं, आणि ती पाटी शेवरलेच्या साध्या कॅमॅरोवर किंवा बाजारात नव्याने मिळणाऱ्या बॉडीवर चढते. नवी बॉडी घेणं गुन्हा नाही. पाटी हलवून ती गाडी मूळची म्हणून विकणं, हा गुन्हा.

कॅमॅरोचा वेगवान प्रकार झेड/28 सोपं सावज आहे, कारण 1969 च्या व्ही-8 इंजिनाच्या कूपेचा (दोन दारांच्या, पक्क्या छताच्या गाडीचा) नंबर 12437 नेच सुरू होतो. साधी असो, एसएस (दुसरा वेगवान प्रकार) असो की झेड/28, नंबरावरून फरक कळत नाही. ऑनलाइन हिस्टरी रिपोर्टवरही विसंबू नका. 17 अक्षरी नंबर 1981 पासून आला. त्याआधीच्या 13 अक्षरी नंबरावर जुने अपघात सहसा सापडत नाहीत, आणि रिपोर्ट कोरा आला की विक्रेता तोच पुरावा म्हणून दाखवतो.

म्हणून पाटी सोडून पत्रा बघा. नंबराचा उत्तरार्ध बॉडीवर दोन ठिकाणी ठोकलेला असतो: काचेच्या खालची वायपरजवळची जाळी काढल्यावर काउलवर, म्हणजे तिथल्या पत्र्यावर, आणि इंजिनाच्या बाजूने फायरवॉलवर (इंजिन आणि केबिन यांच्यामधला पत्रा), हीटर बॉक्सच्या आड. जाळी काढायला स्क्रूड्रायव्हर आणि थोडा वेळ पुरतो. विक्रेता "रंग खराब होईल" म्हणून अडवत असेल, तर सौदा तिथेच थांबवा. त्या जागी घासल्याच्या खुणा, वेल्डिंगचं ठिगळ किंवा जाड अंडरकोट दिसला, तरी तेच करा. डॅशवरच्या पाटीचे रिव्हेट फुलाच्या आकाराचे असतात, पण तसे नवे रिव्हेट विकत मिळतात. तेवढ्यावर समाधान मानू नका.

इंजिनाचा पॅड, म्हणजे आकडे ठोकायची सपाट जागा, उजव्या सिलिंडर हेडच्या पुढे, अल्टरनेटरमागे असतो. झेड/28 च्या अस्सल 302 घन इंची इंजिनावर तिथल्या कोडच्या शेवटी DZ हवं, आणि शेजारी किंवा ब्लॉकवर ऑइल फिल्टरजवळ गाडीच्या नंबराशी जुळणारे आकडे हवेत. पॅडवर कारखान्यातल्या ब्रोचिंगच्या (पृष्ठभाग तासून सपाट करण्याच्या) बारीक समांतर रेघा पुढून मागे गेलेल्या दिसतात. पॅड गुळगुळीत किंवा गोल घासलेला असेल, तर आकडे नंतर ठोकल्याचा संशय धरा. इंजिनाच्या ब्लॉकच्या मागच्या कडेला, उजवीकडे, तो ओतल्याची तारीख असते. E 5 9 म्हणजे 5 मे 1969. फायरवॉलच्या ट्रिम टॅगवर, म्हणजे गाडी कधी बनली ते सांगणाऱ्या पट्टीवर, 02C, म्हणजे फेब्रुवारीचा तिसरा आठवडा असेल, तर तो ब्लॉक त्या गाडीत मुळात बसलेलाच नाही. आणखी एक झटपट खूण: झेड/28 ला मॅन्युअल चार-स्पीड, पुढे डिस्क ब्रेक आणि मागे 12 बोल्टच्या कव्हरचा अॅक्सल असायचा. कव्हरवर 10 बोल्ट मोजले, तर निदान अॅक्सल तरी मूळचा नाही.

आता लपवलेला अपघात. दोन्ही बाजूंना पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत मोजा. आकडा 108 इंच, म्हणजे सुमारे 274 सेंमी यायला हवा. एका बाजूला अर्धा इंच कमी भरलं, तर पुढचा सबफ्रेम (इंजिन आणि पुढची चाकं धरणारी चौकट) वाकलाय किंवा सरकलाय, असं समजून तपासा. या गाडीत तो बोल्टने बसतो, त्यामुळे दुसऱ्या गाडीचा लावणंही सोपं. रंगाच्या थराची जाडी मोजणाऱ्या पेंट मीटरवर 500 मायक्रॉनच्या वर आकडा गेला, की आत पुट्टी आहे असं धरा. मागच्या चाकाच्या कडा आणि डिकीचा तळ, इथे मीटर आधी लावा.

पाटी बदललेली गाडी घेऊन बसला असाल, तर स्वतः पाटीला हात लावू नका. अमेरिकेच्या संघराज्य कायद्यात चेसिस नंबर काढणं किंवा बदलणं याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे, आणि पोलीस गाडी जप्त करू शकतात. सगळ्या खुणांचे फोटो काढा, विक्रेत्याचे मेसेज जपून ठेवा, आणि गाडी पुढे विकायच्या आधी वकिलाला भेटा.