पणजोबांची कबर विकणारा माणूस

पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात (आजच्या इराकात) गेलेल्या पूर्वजाचा शोध घेत असाल, तर हे वाचाच.

आमचे पणजोबा मराठा पलटणीत शिपाई होते. 'बसऱ्याला गेले ते परत आलेच नाहीत', एवढंच घरात माहीत. पूर्वजांच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी काढून देतो म्हणणारा एक जण आत्याला फोनवर भेटला. आगाऊ पैसे घेऊन त्याने लंडनच्या इंडिया ऑफिसच्या (ब्रिटिश सरकारचं हिंदुस्थानचा कारभार पाहणारं खातं) दफन नोंदवहीचा 'उतारा' आणि कबरीचा फोटो पाठवला. आत्याने फोटो मोठा करून फ्रेम केला, हार घातला. मग तिथली माती आणायच्या परवानगीसाठी आणखी पैसे मागितले. तेही गेले, आणि फोन बंद.

फोटो मी मोठा करून पाहिला. दगडावर १९१६ साल आणि खाली '५वी मराठा लाइट इन्फंट्री'. ही रेजिमेंट तर १९२२ च्या फेररचनेत उभी राहिली! त्याआधी ११०वी, ११७वी अशा वेगवेगळ्या पलटणी होत्या. शिवाय दगडाचा खडबडीतपणा बाकी अक्षरांवर दिसत होता, नावावर मात्र नाही. नाव वरून चिकटवलेलं.

उताऱ्याचंही तेच. इंडिया ऑफिसच्या त्या नोंदी चर्चकडून आलेल्या, बाप्तिस्मा, विवाह आणि दफनाच्या. त्यात बहुतेक युरोपीय आणि इतर ख्रिस्ती माणसं. हिंदू शिपाई तिथे कशाला सापडेल?

खरी नोंद कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या, म्हणजे महायुद्धांत गेलेल्या सैनिकांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या संस्थेच्या, संकेतस्थळावर आहे, आणि ती बघायला एक पैसाही लागत नाही. मात्र चिकाटी हवी. नावांची स्पेलिंगं कानाला ऐकू आली तशी लिहिलेली, आडनाव बऱ्याचदा नसतंच. म्हणून पलटण आणि साल धरून शोधा, मग वडिलांचं नाव, गाव जुळतंय का बघा. पणजोबा तसेच सापडले, बसरा मेमोरियलच्या यादीत. ज्यांची कबर ठाऊक नाही अशा ४०,००० हून अधिक सैनिकांचं ते स्मारक. म्हणजे आत्याला त्याने जी कबर विकली, ती मुळात कुणाला माहीतच नव्हती. ऐंशीच्या घरातल्या बाईला हे सांगताना माझा जीव तुटला. त्या माणसाला मी माफ करणार नाही.

कुणी उतारा दाखवला, तर मूळ वही कोणत्या संग्रहात आहे आणि तिचा क्रमांक काय, हे पैसे देण्याआधी विचारा आणि त्या संग्रहाला स्वतः ईमेल करून खात्री करा. पैसे गेलेच असतील, तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. त्यासाठी व्यवहाराचा क्रमांक लागतो. रागाच्या भरात चॅट पुसू नका.