नमुन्याला दिलेला भाग परत आलाच नाही

आषाढ लागला की आमच्याकडे ढोलाच्या पट्ट्यांची कामं सुरू होतात. नाशकातल्या पथकांचा सराव तेव्हाच जोर धरतो. खांद्याचे आणि कमरेचे पट्टे उसवतात, बकलाजवळ फाटतात, आणि गणपतीपर्यंत आम्हाला मान वर करायला फुरसत नसते. गेल्या वर्षी नेमकं त्याच दिवसांत आमचं सिंगर 29के शिलाई मशीन टाके सोडायला लागलं. त्यानंतर जे झालं ते लिहून काढते आहे, कारण जुनी मशीन चालवणारे आपल्या शहरात अजून बरेच आहेत आणि ज्या माणसाने मला फसवलं तोच उद्या त्यांच्याही दारात उभा राहू शकतो.

हे मशीन आप्पांनी जुन्यात घेतलं होतं. चांभारकामाचं मशीन म्हणून ते सगळ्यांना माहीत असतं. त्याचा माल दाबणारा पाय गोल फिरतो, त्यामुळे माल न फिरवता हव्या त्या दिशेला शिवता येतं. खालचा हात इतका बारीक की बॅगेच्या कोपऱ्यात किंवा बुटाच्या टोकापर्यंत सहज जातो. ही सोय साध्या सपाट मशीनवर मिळत नाही, म्हणून ते भंगारात द्यायचा विचार माझ्या मनात कधी आला नाही.

त्या बारीक हाताच्या आत एक दातेरी पट्टी मागे-पुढे सरकते, ती पिनियनला, म्हणजे छोट्या दातेरी चाकाला फिरवते, आणि पिनियन शटलला, म्हणजे खालचा दोरा वाहणाऱ्या भागाला. वर्षानुवर्षं जाड दोरा ओढून दाते झिजतात. दोन दात्यांमध्ये ढिलाई आली की शटलचं टोक सुईपाशी उशिरा पोचतं, फास निसटतो आणि टाका सुटतो. दुखणं मला कळलं होतं. औषध मिळत नव्हतं.

29के मधला ‘के’ म्हणजे किलबोवी, स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकचा कारखाना. तो 1980 मध्ये बंद झाला. आता बाजारात येतो तो लुधियानाचा किंवा चीनचा माल. सुया, बॉबिन, स्प्रिंगा बिनदिक्कत घ्याव्यात. पण लहान बॉबिनच्या मशीनचं शटल मोठ्या बॉबिनच्या मशीनला चालत नाही, आणि दुकानदार विचारल्यावर ‘सगळ्याला बसतं’ असं सांगून मोकळा होतो. मी आणलेला सेट बसला नाही.

तेव्हा ओळखीतून एकाचा नंबर मिळाला. अंबडला स्वतःचं वर्कशॉप आहे, जुन्या मशीनचे भाग बनवून देतो, असं त्याने सांगितलं. फोनवर गिअरचे सुंदर फोटो पाठवले. दुसऱ्याच दिवशी घरी आला, हात झरझर उघडला, झीज कुठे आहे ते बरोबर दाखवलं. त्या बोटांकडे पाहून माझा विश्वास बसला. काम येणारा माणूस फसवणार नाही, असं मी धरून चालले होते.

“ताई, हे आपलं रोजचं काम. मूळ पार्टपेक्षा सरस देतो. फक्त नमुना लागेल.”

नऊ हजारांत ठरलं, साडेसहा हजार आगाऊ. पट्टी, पिनियन, शटल, तिन्ही त्याने फडक्यात गुंडाळले. आप्पांचा सुट्या भागांचा डबा शेल्फवर होता, तोही “जुळवून बघतो” म्हणून उचलला. त्या डब्यात आप्पांनी चाळीस वर्षं जमवलेले स्क्रू, सुईदांडे, दोन जुनी शटलं होती. मी चिठ्ठीसुद्धा मागितली नाही. आई दारातूनच म्हणाली, “अगं, निदान लिहून तरी घे.” मी तिला गप्प केलं. ते मला अजून लागतं.

मग रोज नवं कारण. कटर मिळत नाही. भट्टी लागली नाही. माणूस गावी गेलाय. सव्वीस दिवसांनी भाग आले, काळे कुळकुळीत, आणि पिनियनवर ‘सिमॅन्को’ असा ठसा. सिंगर मॅन्युफॅक्चरिंग कंपनीचं हे आखूड नाव मूळ भागांवर असतं, भागाच्या नंबराबरोबर. मग नव्याने बनवलेल्या भागावर ते आलं कुठून? हा प्रश्न मला तिथेच पडायला हवा होता. मला तो ठसा पाहून बरं वाटलं.

त्याने स्वतः बसवलं, चामड्याच्या तुकड्यावर वीतभर शिवून दाखवलं, उरलेले पैसे घेतले. तिसऱ्या दिवशी टाका पुन्हा सुटला. आठवड्यात पिनियनचे दाते चपटे झाले. मूळ भाग परत मागितले तर म्हणाला, “ते मापासाठी कापावे लागले.” डबा? “आणून देतो.” नंतर फोन लागणं बंद झालं. अंबडला जाऊन पाहिलं, तर त्याने सांगितलेल्या पत्त्यावर पॅकिंगच्या खोक्यांचं गोदाम होतं.

सातपूरच्या एका जुन्या फिटरकाकांकडे भाग नेले. त्यांनी पिनियनच्या कडेला, जिथे दाते नाहीत तिथे, बारीक कानस फिरवली. कानस खाऊ लागली, चकाकणारा भुसा पडला. पाणी देऊन कडक केलेल्या पोलादावर कानस नुसती घसरते. हे साधं मऊ लोखंड होतं, तेलात काळं केलेलं. ही परीक्षा अर्ध्या मिनिटाची आहे आणि पैसे देण्याआधी करायची असते.

काकांनी आणखी एक गोष्ट दाखवली. सिंगरचे आटे त्यांचे स्वतःचे असतात, उदाहरणार्थ 3/16 इंचाच्या स्क्रूला इंचात 28 आटे. म्हणजे जाडी 4.76 मिलिमीटर. त्या माणसाला तसा स्क्रू मिळाला नसणार, किंवा शोधायचा नसणार. त्याने मशीनच्याच भोकात पाच मिलिमीटरचा मेट्रिक टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, मारला होता. पिनियन दुसरा करता येतो. बिडाच्या मूळ अंगातले मोडलेले आटे परत येत नाहीत, तिथे आता बुश, म्हणजे धातूची छोटी नळी, ठोकून नवे आटे काढावे लागले. मला सगळ्यात जास्त राग याचा आहे.

खरं काम कसं होतं तेही सांगते, कारण ते मी पुढे पाहिलं. मूळ भाग हातचे गेले होते. नाशिकरोडला एका वृद्ध चर्मकार बाबांकडे तसंच मशीन होतं. ते भाग द्यायला तयार झाले, पण अटीवर. “मी सोबत येईन. भाग माझ्या नजरेआड होणार नाही.” दिवसभर ते नवे भाग बनवणाऱ्या कारागिराच्या टूलरूममध्ये स्टुलावर बसून राहिले, चहासुद्धा तिथेच घेतला. कारागिराने दाते मोजले, पट्टीच्या दोन्ही टोकांच्या कमी झिजलेल्या दात्यांवरून आकार घेतला, चित्र काढलं आणि भाग तिथल्या तिथे बाबांच्या हातात परत दिले. झिजलेल्या दात्याची हुबेहूब नक्कल केली तर झीजच नव्याने बनते, असं त्याने समजावलं.

दुसरं, या जुन्या गिअरच्या दात्यांचं माप डायमेट्रल पिचमध्ये, म्हणजे इंचाच्या हिशोबात असतं आणि आपल्याकडे कटर मिळतात मॉड्यूलचे, म्हणजे मिलिमीटरच्या हिशोबातले. 24 पिच म्हणजे 1.058 मॉड्यूल. तिथे एक मॉड्यूलचा कटर चालवला तर भाग हातात फिरून बघताना ठीक वाटतो आणि मशीनमध्ये दाते खातो. तुमचा कारागीर हा प्रश्न स्वतःहून काढत नसेल तर काम देऊ नका. दाते वरून कडक आणि आतून चिवट हवेत, म्हणून केस हार्डनिंग. सगळाच कडक केलेला दाता तुटतो. आणि कामाच्या चलनावर, म्हणजे पावतीवर, ‘ग्राहकाचा नमुना, परत करायचा’ असं लिहून घ्या, मोबाइलवर दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा.

पोलिसांत अर्ज दिला आहे, पैसे पाठवल्याच्या नोंदी जोडून. फसवणूक भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 मध्ये येते, विश्वासाने दिलेली वस्तू लाटणं 316 मध्ये. धंद्याची वस्तू म्हणजे ग्राहक तक्रार करता येत नाही, असं मला दोघांनी सांगितलं होतं. ते खरं नाही. स्वतः काम करून पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तू-सेवेला 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा लागू होतो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा आयोगात शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. माझी तक्रार तिथे दाखल आहे. अडचण एवढीच की त्याचा खरा पत्ता माझ्याकडे नाही.

मशीन आता चालतं. यंदाचे पट्टे त्याच्यावरच शिवले. आप्पांचा डबा मात्र मिळाला नाही. बिस्किटांचा चौकोनी पत्र्याचा डबा, झाकणाला आतून लाल रंग, आणि त्यातल्या दोन्ही शटलांवर आप्पांनी पंचने मारलेल्या तीन बारीक टिकल्या. जुन्या भागांच्या ढिगात कुणाला तशी शटलं दिसली, तर विकणाऱ्याला ती कुठून आली एवढं विचारून ठेवा. जुन्या नाशकात ढोलाचे पट्टे कोण शिवतं असं विचारलं, तर मी सापडेन.