राजारामपुरीतील नर्सिंग करिअर मार्गदर्शन वर्ग : कागदपत्रांसाठी उत्तम, दिशेसाठी अपुरा

बीएससी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या माझ्या भाचीसाठी आम्ही कोल्हापुरात राजारामपुरीतील एका करिअर मार्गदर्शन वर्गाचे २,५०० रुपये भरले. शनिवार-रविवारचा वर्ग, सोबत एका पालकाला बसण्याची मुभा आणि अखेरीस प्रत्येकीशी स्वतंत्र बोलणे, असे त्याचे स्वरूप आहे. माझी सारी नोकरी परिचारिका म्हणून वॉर्डातच झालेली असल्यामुळे मी जरा कान टवकारूनच बसले होते. वर्गाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण मला जे खटकले ते नर्सिंगच्या मुलींना इतरत्रही सर्रास ऐकवले जाते.

आधी चांगले सांगते. कागदपत्रांची बाजू त्यांनी इतकी नीट समजावली की तेवढ्यासाठी पैसे वसूल झाले असे मी म्हणेन. निकालानंतर महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी कशी करायची, दर पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण का चुकवू नये, बाहेरदेशी जायचे असेल तर परिषदेकडून कोणते दाखले लागतात, हे सारे त्यांनी क्रमाने सांगितले. नोकरी देताना मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेणाऱ्या आणि ठरावीक काळ नोकरी न सोडण्याच्या बॉण्डवर सही मागणाऱ्या रुग्णालयांबद्दलही ते स्पष्ट बोलले. साक्षांकित प्रती द्या, मूळ कागद हातचा सोडू नका, हा सल्ला प्रत्येक मुलीने ऐकावा असा आहे. शासकीय भरतीत अधिपरिचारिका (स्टाफ नर्स) या पदाच्या परीक्षेची तयारी कशी असते, याचीही माहिती नेमकी होती.

खटकले ते भिंतीवरचे चित्र. पायऱ्यांचा एक मोठा रंगीत तक्ता तिथे लावला आहे. सर्वांत वर परदेश, म्हणजे मुख्यतः जर्मनी, त्याखाली आयसीयू, मग ऑपरेशन थिएटर, मग जनरल वॉर्ड, त्याखाली उपकेंद्र (गावपातळीवरचे सरकारी आरोग्य केंद्र), आणि तळाच्या पायरीवर वृद्धाश्रम व घरी जाऊन केलेली सेवा. शिकवणारे सर त्या तळाकडे बोट दाखवून म्हणाले, ‘इथं जायला चार वर्षं बीएससी कशाला करायची?’ मुली हसल्या. भाचीही हसली, आणि ते मला फारसे आवडले नाही.

या तक्त्यातली विसंगती अशी की ज्या जर्मनीला त्यांनी सर्वांत वरच्या पायरीवर बसवले आहे, तिथे २०२० पासून सामान्य, बाल आणि वृद्ध परिचर्येचे प्रशिक्षण एकत्र केले गेले आहे आणि परिचारिकांची मोठी गरज वृद्धांच्या निवासी केंद्रांतही आहे. म्हणजे बी-२ या वरच्या-मध्यम पातळीपर्यंत जर्मन शिकून, घरदार सोडून जी मुलगी तिकडे जाईल, तिच्या वाट्याला कदाचित तेच काम येईल ज्याला राजारामपुरीत बसून ती हसली. हा मुद्दा मी प्रश्नोत्तरांच्या वेळी मांडला तेव्हा ‘तिकडचा पगार वेगळा असतो’ एवढेच उत्तर मिळाले. पगाराचे उत्तर खोटे नाही, पण मग तक्ता कौशल्याचा नसून पगाराचा आहे, असे त्यावर लिहावे.

आयसीयूचे महत्त्व मी नाकारत नाही. व्हेंटिलेटर, एबीजीचा (रक्तातील वायूंच्या तपासणीचा) रिपोर्ट, शिरेतून औषध सोडणाऱ्या इन्फ्युजन पंपावरचे डोस हे नव्या मुलीच्या हाताखालून तिथे जितक्या लवकर जातात तितके इतरत्र जात नाहीत, आणि पुढे कुठेही जायचे असले तरी तो अनुभव कामाला येतो. पण तिथे हाकेच्या अंतरावर डॉक्टर असतो. घरी अंथरुणाला खिळलेल्या आजोबांना कुशीवर वळवल्यावर माकडहाडापाशी लालसर डाग दिसतो. बोटाने दाबल्यावर तो पांढरा पडतो की तसाच लाल राहतो, हे पाहून बेडसोरची (सतत पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची) सुरुवात ओळखायची, घरच्यांना दर दोन तासांनी कूस बदलायला शिकवायचे, आणि डॉक्टरांना कधी कळवायचे ते एकटीने ठरवायचे, याला निर्णयशक्ती लागते. घरच्या सेवेतल्या खऱ्या अडचणी वेगळ्या आहेत. घरोघरी परिचारिका पुरवणारे अनेक ब्युरो नोंदणीकृत परिचारिका आणि काही आठवड्यांचे प्रशिक्षण घेतलेली मदतनीस या दोघींनाही ‘सिस्टर’ म्हणूनच पाठवतात, करारपत्र नसते, भविष्यनिर्वाह निधी नसतो, बारा तासांची ड्युटी कधी संपेल याचा भरवसा नसतो. वर्गाने सावध करायचे होते ते याबाबतीत. त्यांनी कामालाच नावे ठेवली.

उपकेंद्राबद्दल तर दहा मिनिटेही दिली नाहीत. सपाट भागात ५,००० आणि डोंगराळ भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असे प्रमाण आहे, आणि आपल्या जिल्ह्यात गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीकडचे रस्ते पाहिले की त्या उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याचे मोल कळते. तीस वर्षांवरील लोकांचा रक्तदाब आणि साखर तपासणे, गोळ्या मध्येच सोडणाऱ्यांना पुन्हा औषधावर आणणे, आशाताईंबरोबर वस्तीवर जाणे हे तिचे काम. या पदासाठी बीएससी नर्सिंग झालेल्यांना अर्ज करता येतो. पद कंत्राटी आहे आणि मोबदल्याचा एक भाग कामगिरीवर अवलंबून असतो, ही त्यातली मोठी उणीव; तीही वर्गात कोणी सांगितली नाही. मानसिक आरोग्याचा उल्लेखच आला नाही, जरी राज्यातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक घाट उतरले की रत्नागिरीत आहे.

स्वतंत्र भेटीत भाचीला ‘आयसीयू घे, दोन वर्षांनी जर्मनी’ असे सांगितले गेले. तिला नाइट झेपते का, रक्त-जखमा हाताळण्यापेक्षा माणसांशी बोलणे तिला अधिक जमते का, घरी आजी आजारी असताना ती कोल्हापूर सोडू शकते का, यातले काहीही विचारले नाही. पुढच्या मुलीलाही तोच सल्ला मिळाला, हे दोघींनी बाहेर येऊन ताडून पाहिले.

नोंदणी, भरती आणि परदेशी अर्ज यांबाबत गोंधळलेल्या मुलीने हा वर्ग जरूर करावा. क्षेत्र निवडायचे असेल तर पैसे भरण्यापूर्वी एवढे विचारून घ्यावे की शिकवणाऱ्यांपैकी कोणी उपकेंद्रात, मनोरुग्णालयात किंवा रुग्णाच्या घरी काम केले आहे का. आमच्या बॅचला शिकवणाऱ्या तिघांपैकी कोणीच केले नव्हते.